मी कोण, की मी कोणाची? : 'घोस्ट इन द शेल'च्या कीर्तीचा फेरविचार

काही कलाकृतींची कीर्ती एकदा पक्की झाली की पुढे लोक कलाकृती पाहीनासे होतात, कीर्तीच पाहतात. मामोरू ओशी यांच्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी ॲनिमेशनपटाचे असे झाले आहे, असे मला वाटते. १८ नोव्हेंबर १९९५ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. अवघ्या ८२ मिनिटांचा हा चित्रपट. विज्ञानपटांची यादी करा किंवा ॲनिमेची, त्यात तो बहुधा असतोच. त्याच्याविषयीचे वाक्यही ठरलेले असते : 'माणूस म्हणजे काय, असा मूलभूत प्रश्न विचारणारा चित्रपट.'

प्रस्तुत लेखात मला हे ठरलेले वाक्य तपासायचे आहे. चित्रपट त्याच्या कीर्तीला पात्र आहे का? माझे उत्तर 'आहे' असेच आहे. मात्र ज्या कारणासाठी त्याला डोक्यावर घेतले जाते ते कारण त्याच्या सर्वांत कच्च्या भागाकडे बोट दाखवते. जे अस्सल आहे त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. कीर्ती खरी आणि तिचा दाखला चुकीचा, अशी ही गंमत आहे.

१

आधी ही कीर्ती कशावर उभी आहे ते पाहू. तिचे तीन पाय आहेत : प्रभाव, तंत्र आणि तत्त्वचिंतन.

प्रभावाबद्दल वाद नाही. जपानी चित्रपटगृहांत त्याने फार मोठा गल्ला जमवला नाही, परंतु १९९६ साली अमेरिकेत त्याच्या व्हिडिओ कॅसेटी 'बिलबोर्ड'च्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. वाचोव्स्की भावंडांनी निर्माते जोएल सिल्व्हर यांना हा चित्रपट दाखवून 'आपल्याला असे काही खऱ्या नटांसह करायचे आहे' असे सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे १९९९ साली आलेल्या 'द मेट्रिक्स'मधली पडद्यावरून ओघळणारी हिरवी अक्षरे आणि मानेमागची खुंटी पाहिली की ऋण लपत नाही. पण प्रभाव ही इतिहासातली नोंद आहे, गुणवत्तेचा पुरावा नव्हे. सुमार कृतींचाही प्रभाव पडतो, आणि थोर कृती कधीकधी निपुत्रिक राहतात. तेव्हा हा पाय बाजूला ठेवू.

तंत्राचेही तसेच. हाताने रंगवलेली सेल-चित्रे आणि संगणकाने निर्माण केलेल्या प्रतिमा यांची सरमिसळ त्या काळात नवी होती. आज ती नवी नाही. खुद्द ओशींनी २००८ साली याच चित्रपटाची 'टू पॉइंट झीरो' ही सुधारित आवृत्ती काढली आणि काही दृश्ये नव्या त्रिमित संगणकचित्रांनी बदलली. आज ती बदललेली दृश्येच अधिक जुनी वाटतात आणि हाताने रंगवलेला पाऊस ताजा वाटतो. तंत्र शिळे होते आणि नजर टिकते, याचा इतका सोयीस्कर पुरावा क्वचितच मिळतो.

राहिला तिसरा पाय, तत्त्वचिंतनाचा. सारी इमारत त्यावर तोललेली आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. त्यासाठी, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्याकरिता कथा थोडक्यात सांगतो.

२

साल २०२९. माणसांचे मेंदू थेट संगणकजाळ्याला जोडता येतात. शरीराचा एखादा अवयव बदलून घेता येतो किंवा सगळेच शरीर कृत्रिम करता येते. अशा शरीराला 'शेल', म्हणजे कवच, म्हणतात आणि त्याच्या आत जे काही 'मी' म्हणणारे उरते त्याला 'घोस्ट'. मेजर मोतोको कुसानागी ही सरकारच्या 'विभाग ९' या गुप्त सुरक्षा-पथकातली अधिकारी आहे. मेंदूचा अंश सोडला तर तिचे सगळे शरीर कारखान्यात बनलेले आहे. लोकांच्या घोस्टमध्ये शिरून त्यांना नाचवणाऱ्या एका गुन्हेगाराच्या मागावर तिचे पथक आहे. त्याचे टोपणनाव 'पपेट मास्टर', म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार. शेवटी कळते की हा सूत्रधार माणूसच नाही. परराष्ट्र खात्याच्या 'विभाग ६'ने हेरगिरीसाठी बनवलेला तो एक प्रोग्रॅम आहे, जाळ्यात फिरता फिरता स्वतःच्या अस्तित्वाचे भान आलेला. तो कुसानागीपुढे प्रस्ताव ठेवतो : आपण एकरूप होऊ. ती तो स्वीकारते.

मूळ चित्रकथा मासामुने शिरो यांची. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकातून ती १९८९ पासून येऊ लागली. शिरोंची कुसानागी हसते, चिडते, वरिष्ठांची टिंगल करते. पानांच्या कडेला लेखकाच्या तांत्रिक टिपांची झुंबड असते. ओशी आणि त्यांचे पटकथाकार काझुनोरी इतो यांनी हा सगळा खट्याळपणा काढून टाकला. त्यांची कुसानागी क्वचितच हसते. तिच्या पापण्याही फारशा लवत नाहीत. बाहुलीकडे पाहावे तसे आपण तिच्याकडे पाहत राहतो आणि बाहुलीने अचानक परत आपल्याकडे पाहावे तसे दचकतो.

येथे नावाचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. या कथेला दोन नावे आहेत. 'घोस्ट इन द शेल' हे इंग्रजी नाव आर्थर केस्लर यांच्या १९६७च्या 'द घोस्ट इन द मशीन' या ग्रंथावरून आले. केस्लर यांनी तो शब्दप्रयोग तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल यांच्याकडून घेतला होता. देह आणि मन यांची फारकत करणाऱ्या देकार्तची राईल यांनी १९४९ साली या शब्दांत थट्टा केली होती. म्हणजे हे नाव तत्त्वज्ञानाच्या वर्गातले. जपानी नाव मात्र 'कोकाकु किदोताई'. त्याचा अर्थ साधारण 'चिलखती फिरते पोलीस पथक' असा होतो. हे कचेरीच्या दारावरच्या पाटीसारखे नाव आहे.

जगभरची कीर्ती इंग्रजी नावावर चालते. माझे म्हणणे असे की चित्रपटाचा जीव जपानी नावात आहे.

३

तत्त्वज्ञानाचा भाग चित्रपटात येतो तो बहुतांशी बोलण्यातून. पात्रे थांबतात आणि बोलतात. होडीवर बसून कुसानागी सांगते की चेहरा, आवाज, बालपणीच्या आठवणी, उद्याची चाहूल अशा असंख्य गोष्टी मिळून 'मी' घडतो आणि त्याच गोष्टी 'मी'ला बांधूनही ठेवतात. पुढे तिला शंका येते, की खरी मी केव्हाच मेले असेन आणि आता आहे ती नुसती नक्कल असेल. सहकारी बातो तिला सांगतो की तुझ्या कवटीत मेंदू आहे, लोक तुला माणूस म्हणून वागवतात. ती म्हणते, स्वतःचा मेंदू कोणी पाहिला आहे? पपेट मास्टरही असाच बोलतो : माणसाची जनुके हासुद्धा स्वतःला टिकवू पाहणारा प्रोग्रॅमच, मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?

प्रश्न खोटे नाहीत. पण ते नवेही नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यांना दृश्यरूप मिळालेले नाही. हेच संवाद छापून वाचले तर एखाद्या बऱ्या प्रस्तावनेचा मजकूर वाटेल. पात्रांनी विषय बोलून दाखवावा आणि प्रेक्षकाने तो टिपून घ्यावा, हे नाटकातही खपत नाही. पडद्यावर कसे खपावे? यांपैकी एखादे वाक्य वगळले तर चित्रपटाचे काय बिघडेल, असा प्रश्न मी प्रत्येक वेळी स्वतःला घालून पाहिला. बहुतेक वेळा उत्तर आले : फारसे काही नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकासाठी येथे आणखी एक निसरडी जागा आहे. घोस्ट म्हणजे आत्मा आणि शेल म्हणजे देह, असे समीकरण आपल्या मनात आपोआप जुळते. देह वस्त्रासारखा बदलायचा असतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. मग हा चित्रपट म्हणजे जुन्याच अध्यात्माची विजेवर चालणारी आवृत्ती, असे म्हणून मोकळे होता येते. हे समीकरण चुकीचे आहे. आपल्या परंपरेतला आत्मा अविकारी असतो. त्याला कोणी फोडू शकत नाही, हेच त्याचे लक्षण. या चित्रपटातला घोस्ट मात्र फोडता येतो. त्याला कुलूप लावावे लागते, ते कुलूप तोडता येते आणि आत परक्याच्या आठवणी भरून ठेवता येतात. चित्रपटाचे सारे भय याच एका कल्पनेवर उभे आहे. आत्मा चोरीला जाऊ शकत असेल तर तो आत्मा उरत नाही, ती मालमत्ता होते. आणि मालमत्ता म्हटली की मालकाचा प्रश्न येतो.

४

याच जागी चित्रपट खरा सुरू होतो.

होडीवरच्या त्याच दृश्यात एक वाक्य आहे, जे तत्त्वचिंतनाच्या नादात सहसा नजरेआड होते. बातो म्हणतो की आपण आपले घोस्ट काही विभाग ९ला विकलेले नाहीत. त्यावर कुसानागीचे उत्तर असे : राजीनामा द्यायचा हक्क आपल्याला आहेच, फक्त हे शरीर आणि आठवणींचा काही भाग सरकारला सादर परत करावा लागेल. ती हे शांतपणे सांगते, सेवाशर्तींचा खुलासा करावा तसे. वरच्या दर्जाची देखभाल मिळाली नाही तर आपण जगूच शकत नाही, आणि त्याबद्दल तक्रार करायला आपल्याला जागा नाही, हेही ती म्हणते.

या वाक्यानंतर चित्रपटाचा प्रश्न बदलतो. 'मी कोण?' हा निवांत बसून विचारायचा प्रश्न आहे. 'मी कोणाची?' हा नोकरदाराचा प्रश्न आहे. ज्या हाताने ती राजीनामा लिहील तो हातच तिचा नाही. राजीनामा का दिला, हे तिला नंतर आठवेल की नाही याचीही खात्री नाही. वेठबिगाराला निदान स्वतःचे शरीर असते. येथे शरीर हेच कर्ज आहे आणि ते फेडताना कर्जदार शिल्लक राहत नाही.

एकदा ही किल्ली हाती आली की विस्कळीत वाटणारे कथानक जुळू लागते. पहिल्याच प्रसंगात एक प्रोग्रॅमर दुसऱ्या देशात पळून जाऊ पाहतो आणि सरकार ते होऊ देत नाही. हा मनुष्य कोणत्या देशाचा, यावर गोळीबार होतो. पुढे मेगाटेक या कंपनीच्या कारखान्यात एक स्त्रीशरीर आपोआप तयार होऊन रस्त्यावर चालत जाते. विभाग ९ हादरतो, कारण पथकातल्यांची शरीरे याच कंपनीची असतात. मग विभाग ६चा प्रमुख ते शरीर मागायला येतो, आपली वस्तू परत मागावी तसा. आणि टेबलावर पडलेले ते अर्धवट धड बोलू लागते तेव्हा त्याची पहिली मागणी काय असते? 'मला माणूस म्हणा' अशी ती नसते. ते राजकीय आश्रय मागते. आश्रय मागणे म्हणजे, मी यापुढे तुमच्या मालकीचा नाही, दुसऱ्या कोणाच्या छत्राखाली जाऊ द्या, असे म्हणणे. दोन सरकारी विभागांतला हा सगळा झगडा मुळात ताबा कोणाचा, यावरचा दावा आहे.

ओशी आणि इतो यांना हे जग परके नव्हते. त्याआधी १९८९ आणि १९९३ साली त्यांनी 'पॅटलेबर' मालिकेतले दोन चित्रपट केले होते. दोन्ही पोलिसांच्या एका आडबाजूला टाकलेल्या पथकाविषयी. तेथेही अवाढव्य यंत्रमानवांपेक्षा फायली, वरिष्ठांचे आदेश आणि खात्याखात्यांतली चढाओढ जास्त महत्त्वाची होती. 'घोस्ट इन द शेल' हा त्याच घराण्यातला चित्रपट आहे. तो कचेरीचा चित्रपट आहे.

आणि त्याचा सर्वांत भेदक प्रसंग कुसानागीचा नाहीच. तो एका कचरा उचलणाऱ्या कामगाराचा आहे. हा माणूस गाडीच्या फेरीत वाटेवरच्या सार्वजनिक फोनवरून बायकोच्या घोस्टमध्ये शिरायचा प्रयत्न करत असतो. तिला घटस्फोट हवा आहे, तिच्या मनात काय आहे ते त्याला जाणून घ्यायचे आहे. त्याला मुलगी आहे. तिचे कौतुक तो जोडीदाराला सांगतो, तिचा फोटो दाखवतो. हे उपकरण त्याला बारमध्ये भेटलेल्या एका दयाळू माणसाने दिलेले असते. पकडला गेल्यावर पोलीस त्याला सांगतात : तुला बायको नाही. मूल नाही. तू त्या खोलीत वर्षानुवर्षे एकटा राहतोस. हा फोटो बघ, यात तू आहेस, मुलगी कुठे आहे? तो बघतो. मग विचारतो की या खोट्या आठवणी काढून टाकता येतील का. उत्तर मिळते की सध्या तसा खात्रीचा उपाय नाही. वाईट वाटते.

रिडली स्कॉट यांच्या १९८२च्या 'ब्लेड रनर'मध्येही खोट्या आठवणी आहेत, खोटा फोटो आहे. पण तेथे त्या कारखान्यात बनलेल्या स्त्रीला दिलेल्या आहेत. येथे त्या एका साध्या, हाडामांसाच्या कामगारात भरल्या आहेत. त्याच्या आयुष्यात दुसरे काहीच नव्हते म्हणून त्या इतक्या सहज मावल्या. दुःख खोटे असल्याचे कळूनही ते जात नाही, कारण ते आता त्याचेच झाले आहे. या प्रसंगात कोणी व्याख्यान देत नाही. आरशाच्या काचेमागून बातो दोन वाक्ये बोलतो खरा, पण तोवर काम झालेले असते. तीन-चार मिनिटांत चित्रपट जे साधतो ते होडीवरच्या संभाषणाला साधत नाही.

५

तत्त्वचिंतन जिथे शब्दांतून सुटते तिथे हा चित्रपट किती उंच जातो, याचा दुसरा पुरावा म्हणजे मध्यावरचा नगरप्रवास. सुमारे तीन मिनिटे कोणी काही बोलत नाही. कथानक तसूभर पुढे सरकत नाही. कुसानागी कालव्यातून होडीने जाते. चिनी अक्षरांच्या पाट्या, गंजलेल्या इमारती, पाण्यावर तरंगणारा कचरा, दुकानातल्या बिनहातांच्या बाहुल्या. मध्येच एका खिडकीत तिला स्वतःचाच चेहरा दिसतो. तोच साचा, दुसरी बाई. कदाचित एखादी कारकून, जेवणाच्या सुट्टीत बसलेली. दोघी एकमेकींकडे पाहतात. मग पाऊस येतो, आणि पिवळ्या छत्र्या घेतलेली मुले पळत जातात.

हे शहर जपानी नाही. ओशींनी ते हाँगकाँगवरून बेतले. छपरांना चाटून जाणारे ते प्रचंड विमान ज्यांनी काय ताक विमानतळाची छायाचित्रे पाहिली आहेत त्यांना लगेच ओळखू येईल. १९९८ साली बंद होईपर्यंत तेथे विमाने अशीच कौलूनच्या गच्च्यांवरून उतरत. जुने आणि नवे एकावर एक चढलेले शहर हवे होते, म्हणून हाँगकाँग, हे उघडच आहे. पण चित्रपट आला १९९५ साली. १ जुलै १९९७ रोजी हे शहर ब्रिटनकडून चीनच्या हाती जाणार, हे तोवर ठरलेले होते. दोन सत्तांनी करार करून तारीख मुक्रर केलेली आणि रहिवासी ती तारीख मोजत असलेले. राजीनामा देताना शरीर परत करावे लागणारी बाई ज्या शहरातून होडीने जाते त्या शहरालाही तेव्हा हाच प्रश्न होता : आपण कोणाचे? दिग्दर्शकाने हे योजून केले असा माझा दावा नाही. चित्र तसे जुळून आले आहे, आणि चांगल्या चित्रपटांत असे जुळून येते, एवढेच म्हणतो.

या दृश्याला केन्जी कावाई यांचे संगीत आहे. प्राचीन जपानी भाषेतली शब्दरचना, जपानी लोकगायिकांचे आवाज आणि बल्गेरियन समूहगायनाच्या धर्तीची स्वरांची ठेवण. हे लग्नाचे गाणे आहे. चित्रपटात ते तीनदा येते : सुरुवातीला कुसानागीचे शरीर कारखान्यात घडताना, मग या नगरप्रवासात आणि अखेरच्या श्रेयनामावलीत. पहिल्यांदा ते ऐकताना खटकायला हवे. जन्माच्या वेळी लग्नाचे गाणे कशाला? बारशाला मंगलाष्टका म्हणाव्यात तसे हे आहे. दुसऱ्यांदाही वधू एकटीच असते, समोर असतो तो नुसता तिच्या चेहऱ्याचा दुसरा नमुना. पपेट मास्टरचा प्रस्ताव ती स्वीकारते तेव्हा कुठे कळते की हे लग्न पहिल्या मिनिटापासून लागत होते. ही रचना संवादांत कोठेही सांगितलेली नाही. ती ऐकावी लागते. कीर्तीसाठी मला हा एक पुरावाही पुरेसा वाटतो.

६

आता जमेनंतर खर्चाची बाजू.

कुसानागीचे नग्न शरीर हा पहिला आक्षेप. अदृश्य होण्यासाठी ती कपडे उतरवते, असे कारण कथेत आहे. हे शरीर यंत्र आहे, त्याला लाज नाही, असा बचावही केला जातो. तो अर्धाच पटतो. बातो पुन्हा पुन्हा आपले जाकीट तिच्या अंगावर टाकतो आणि नजर वळवतो. म्हणजे लाज चित्रपटात आहे, ती फक्त पुरुषाला दिली आहे. मालकीचे शरीर म्हणून ते दाखवणे आणि पाहणाऱ्याला ते पुरवणे यांतली रेषा ओशी नेहमी सांभाळत नाहीत. रणगाड्याशी झुंजताना झाकण उपटण्याच्या जोरात तिचे स्नायू फाटतात आणि हात तुटून पडतात, तेथे ते शरीर शोभेची वस्तू उरत नाही. तिथे आपण तिच्यासाठी कळवळतो. सर्वत्र तसे होत नाही.

दुसरा आक्षेप शेवटाचा. पपेट मास्टर एकरूपतेचा प्रस्ताव मांडतो तेव्हा कुसानागीचे हात तुटलेले आहेत, आणि वर विभाग ६ची हेलिकॉप्टरे नेम धरून आहेत. तो तिच्याच तोंडून बोलतो. या स्थितीत दिलेली संमती कितपत संमती? आयुष्यभर सरकारच्या ताब्यात राहिलेली स्त्री आता दुसऱ्या ताब्यात जाते आहे की सुटते आहे? चित्रपट हा प्रश्न घाईने ओलांडतो. तरीही त्याने एक सूक्ष्म उत्तर ठेवले आहे. शेवटी ती जागी होते ती एका लहान मुलीच्या शरीरात. ते बातोने काळ्या बाजारातून मिळवलेले आहे. म्हणजे तिचे हे पहिलेच शरीर जे सरकारी नाही. जुने शरीर तिने परत केले नाही, ते गोळ्यांनी उद्ध्वस्त झाले. हिशेब मिटला. ती सांगते की मी आता मेजर नाही आणि तो प्रोग्रॅमही नाही. 'मी कोण'चे उत्तर तिच्याकडे नाहीच. 'मी कोणाची'चे आहे : कोणाचीच नाही. मग ती टेकडीवर उभी राहून खालचे शहर पाहते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्या कचरा कामगाराचे पुढे काय झाले? चित्रपट त्याच्याकडे परत येत नाही. चौकशीच्या खोलीत मान खाली घालून बसलेला तो, आणि मग कायमचा नाहीसा. दलित साहित्याने मराठी वाचकाला एक सवय लावली आहे : कोणाच्याही मुक्तीची गोष्ट वाचताना, खोलीत मागे कोण राहिले, हे पाहण्याची. ती सवय येथे उपयोगी पडते. कुसानागीला सुटता आले, कारण ती कुशल होती, मोलाची होती, दोन विभाग आणि एक नवा जीव तिच्यासाठी झगडत होते. तिच्यासाठी हात पुढे करून गोळी झेलणारा मित्र होता. कामगारासाठी कोणीही आले नाही. त्याचा घोस्ट कोणाला नकोच होता. तो फक्त वाटेवरची पायरी म्हणून वापरला गेला. पपेट मास्टरची उदात्त भाषणे ऐकताना आपण विसरतो की त्या माणसात ती मुलगी भरणारा हाच होता. नव्या जीवाला जन्माचा हक्क हवा आहे, पण ज्याचे आयुष्य त्याने पोखरले त्याच्याबद्दल त्याच्या तोंडी एक शब्द नाही. कुसानागीही त्याला विचारत नाही. हे दिग्दर्शकाने दाखवलेले क्रौर्य नाही, त्याच्या नजरेतून निसटलेले क्रौर्य आहे. अन्यथा अखेरच्या दृश्यात तिने पाहिलेल्या त्या शहरात कोठेतरी त्याचीही खिडकी दिसली असती.

७

चित्रपटाच्या कीर्तीचा चुकीचा अर्थ लावला की काय होते, याचा नमुना २०१७ साली मिळाला. रुपर्ट सँडर्स यांनी स्कार्लेट जोहान्सनला घेऊन हॉलिवूडमध्ये त्याची नवी आवृत्ती केली. जपानी पात्रासाठी गोरी नटी का, यावर बराच गदारोळ झाला. तो योग्यच होता, पण मूळ बिघाड त्याहून खोल आहे. या आवृत्तीत नायिकेला अखेर तिचे खरे नाव कळते, तिला आई भेटते, चोरलेला भूतकाळ परत मिळतो. 'मी कोण?' या प्रश्नाला जन्मदाखल्यासारखे चोख उत्तर मिळते. दृश्ये मूळ चित्रपटातूनच उचललेली : गच्चीवरून ती उडी, पाण्यातली मारामारी, कोळ्यासारखा तो रणगाडा. सगळे आहे आणि तरी आत काही नाही, कारण मालकीचा प्रश्न एका दुष्ट कंपनीच्या गळ्यात बांधून सोडवून टाकला आहे. खलनायक मेला की नायिका मोकळी. पुढे ती त्याच पथकात कामाला राहते, आणि यात काही खटकावे असे त्या चित्रपटाला वाटत नाही.

ओशींच्या चित्रपटात दुष्ट असा कोणी नाही. आरामाकी हा चांगला वरिष्ठ आहे. विभाग ९ प्रामाणिक आहे. सेवाशर्ती दोघांना मान्य आहेत. चांगल्या संस्थेत, सन्मानाने, स्वखुशीने माणूस किती प्रमाणात दुसऱ्याचा होत जातो, हे तो दाखवतो. म्हणून तो १९९५ पेक्षा आज अधिक बोचतो. आपली छायाचित्रे, पत्रव्यवहार, ओळखी, झोपेच्या नोंदीसुद्धा आपण कोणाच्या तरी यंत्रांवर ठेवल्या आहेत आणि अटी वाचल्याची खूण स्वतःच्या हाताने केली आहे. काही परत घेऊन निघायचे ठरवले तर कोणता भाग आपला ठरेल, हे त्या अटींत लिहिलेले असते. कुसानागीने ते वाचले होते. तिचे वेगळेपण एवढेच.

तेव्हा निकाल असा. गहन बोलतो म्हणून 'घोस्ट इन द शेल' थोर ठरत नाही. बोलतो तेथे तो बहुधा सामान्य आहे. तो थोर आहे तो एका राजीनाम्याच्या अटीसाठी, फोटोकडे पाहणाऱ्या एका कामगारासाठी, तीन मिनिटांच्या मूक पावसासाठी आणि चुकीच्या वेळी सुरू झालेल्या लग्नाच्या गाण्यासाठी. कीर्ती त्याला शोभते. पण पुढच्या वेळी पाहताना वाचकांनी पपेट मास्टरच्या भाषणापेक्षा चौकशीच्या त्या खोलीकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. चित्रपटाने तिथे एक माणूस मागे सोडला आहे, आणि त्याचे नावही आपल्या लक्षात राहत नाही.